भंगारबाजारातलं इंजिन गाडीत टाकण्याआधी

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. पण तालुक्याच्या कुठल्याही गावात आजही ती दिसते. कुणाच्या वडिलांनी घेतलेली असते, कुणी ड्रायव्हिंग शिकायला स्वस्तात उचललेली असते. चेसिस ठीक असतं, पत्रा बरा असतो, पण इंजिन थकलेलं असतं. निळा धूर येतो, दर आठवड्याला ऑइल टाकावं लागतं, घाट चढताना दुसऱ्या गिअरवरही गाडी रडते. मग मेकॅनिक म्हणतो, “साहेब, इंजिनचं काम करण्यापेक्षा सेकंडहँड इंजिन टाकू. दोन दिवसांत गाडी हातात.”

हा सल्ला सरसकट चुकीचा नाही. पण त्यात एक गोष्ट न बोलता राहून जाते. जे इंजिन येणार, ते किती चाललं, कुणी चालवलं, त्यात वेळेवर ऑइल बदललं की नाही, ते कधी तापून बंद पडलं होतं का, यातलं विकणाऱ्यालाही काही ठाऊक नसतं. तो सांगतो ते “कमी चाललेलं आहे” एवढंच. त्या शब्दावर पैसे देऊ नयेत. इंजिनाचा इतिहास त्याच्या लोखंडात आणि ॲल्युमिनियममध्ये लिहिलेला असतो. ते जमिनीवर पडलेलं असतं तेव्हा तो वाचायला चार बोल्ट काढावे लागतात. गाडीत बसल्यावर तोच वाचायला सगळं पुन्हा उतरवावं लागतं. म्हणून सगळी चौकशी आणि सगळी तपासणी बसवण्याआधीच उरकायची.

या लेखात मी मारुती ८०० च्या ७९६ सीसी, तीन सिलिंडरच्या इंजिनाचं उदाहरण धरलं आहे. झेन, एस्टीम, जिप्सी किंवा जुनी सँट्रो असली तरी विचार हाच.

आधी आपलं स्वतःचं इंजिन

दुसऱ्याचं इंजिन आणण्यापूर्वी आपलं का गेलं हे शोधा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच पुढचा तोटा ठरतो. रेडिएटर चोंदला, फॅनचा स्विच मेला, गाडी तापली, हेड वाकलं आणि गॅसकेट उडालं, असं झालं असेल तर नवं आणलेलं इंजिनही त्याच रेडिएटरवर चालणार आहे. तेही पहिल्या उन्हाळ्यातच तापेल. एअर फिल्टर फाटून धूळ आत गेली असेल आणि त्यामुळे बोअर झिजले असतील, तर फिल्टरचा डबा दुरुस्त केल्याशिवाय कुठलंही इंजिन तिथे टिकणार नाही.

दुसरं म्हणजे आपल्या इंजिनाचा इतिहास आपल्याला ठाऊक असतो. ही मोठी ठेव आहे. ब्लॉकला तडा नसेल, क्रँक मापात असेल आणि बोअर फक्त झिजले असतील, तर लेथवर बोअर करून पाव मिलिमीटर मोठे पिस्टन आणि रिंगा टाकता येतात, आणखी झीज असेल तर अर्धा मिलिमीटर. हेडचे व्हॉल्व्ह घासून, सीट कापून, नवे सील टाकून घेतले की हे इंजिन अनेक वर्षं चालतं. ८०० चे भाग अजून मुबलक मिळतात. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजूला स्पेअर पार्टची दुकानं आहेत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तर मशीनिंगची कामं करणाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख आहे. माझं मत सरळ आहे: ब्लॉक आणि क्रँक चांगले असतील तर आपलंच इंजिन उभं करावं. बाहेरचं इंजिन घ्यायचं ते ब्लॉक फुटला असेल, कनेक्टिंग रॉड तुटून बाहेर आला असेल, किंवा बोअर आधीच शेवटच्या मापापर्यंत गेले असतील तेव्हा.

हे इंजिन बाजारात आलंच का?

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, दिल्लीच्या मायापुरीत, चेन्नईच्या पुदुपेटला इंजिनांचे ढीग लागलेले दिसतात. प्रत्येक ढिगातल्या प्रत्येक इंजिनाला तिथे येण्याचं एक कारण असतं. ते कारण कळलं की अर्धं काम झालं.

सगळ्यात चांगलं इंजिन ते, ज्याची गाडी मागून किंवा बाजूने ठोकली गेली आणि दुरुस्तीपलीकडे गेली. अपघाताच्या दिवसापर्यंत ते रोज चालत होतं. समोरून ठोकलेल्या गाडीचं इंजिनही चालू शकतं, पण ८०० मध्ये ते आडवं आणि अगदी पुढे बसतं, त्यामुळे क्रँकची पुली वाकडी नाही ना, माउंटिंगचे कान आणि गिअरबॉक्सचं बेल-हाउसिंग तडकलेलं नाही ना, हे बोट फिरवून बघावं.

दुसरा चांगला प्रकार म्हणजे वयामुळे मोडीत निघालेल्या गाड्या. दिल्लीत १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने बंदी आणली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. त्यातून अनेक चालत्या गाड्या मोडल्या गेल्या. अशा इंजिनात बिघाड म्हणून काही नसतो, वयाची झीज तेवढी असते.

तिसरा प्रकार धोक्याचा: पुरात बुडालेल्या गाड्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईत किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आठवा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ मध्ये चिपळूण. विमा कंपन्यांनी निकाली काढलेल्या गाड्या शेवटी सुटे भाग होऊनच बाजारात येतात. बुडालेलं इंजिन बाहेरून धुऊन, काळा रंग मारून अगदी नवं दिसतं. पण टायमिंग बेल्टचं कव्हर उघडलं की आतल्या कोपऱ्यात वाळलेला बारीक गाळ सापडतो. सेल मोटारच्या तोंडाशी, अल्टरनेटरच्या जाळीत तोच गाळ असतो. रंग ताजा आणि बोल्टांची डोकी मात्र गंजलेली, असं दिसलं तर ते इंजिन सोडून द्या. पाण्यात असताना कुणी सेल मारला असेल तर पाणी दाबलं जात नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. असं इंजिन सुरू होतं, चालतंही, आणि काही महिन्यांनी वाकलेला रॉड तुटतो.

चौथा प्रकार गॅसवर चाललेल्या गाड्यांचा, विशेषतः ओमनीचा. एलपीजी किंवा सीएनजीवर चाललेलं इंजिन आतून स्वच्छ दिसतं, ऑइल काळं पडत नाही, प्लगवर काजळी नसते. हे बघून गिऱ्हाईक खूश होतं. पण कोरड्या गॅसमुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट खाल्ल्या जातात आणि टॅपेटचं अंतर कमी होत जातं. फीलर गेज घालून टॅपेटचं अंतर मोजलं आणि ते जवळजवळ शून्य निघालं तर हेडचं काम धरूनच भाव बोलावा.

आणि पाचवा प्रकार म्हणजे स्वतःच बिघडलेलं इंजिन. कुणी तरी तुमच्यासारखंच दुसरं टाकलं आणि हे काढून विकलं. ढिगात अशीही असतात आणि त्यांच्यावरही तोच काळा रंग असतो.

पैसे देण्याआधी कागद

इंजिन नंबर तुमच्या आरसी बुकवर छापलेला असतो आणि विमा पॉलिसीवरही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदीपेक्षा वेगळं ठरेल असं गाडीत काही बदलायचं तर नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि इंजिन बदलणं त्यात येतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ रचनेच्या विरुद्ध गाडीत बदल करता येणार नाहीत, हे स्पष्ट केलं. म्हणून त्याच मॉडेलचं, त्याच क्षमतेचं, त्याच इंधनाचं इंजिन घ्या. ८०० मध्ये मोठं इंजिन घुसवायचे सल्ले ऐकू नका. क्लच, ब्रेक, माउंटिंग काहीही त्यासाठी बनलेलं नसतं आणि नोंदही होत नाही.

आधी आपल्या आरटीओत जाऊन अर्ज आणि लागणारे कागद विचारा. कार्यालयागणिक मागणी थोडी वेगळी असते. पण ज्या गाडीतून इंजिन काढलं तिच्या आरसीची प्रत, खरेदीचं बिल आणि त्या बिलावर इंजिन नंबर, एवढं हाताशी असलं की बहुतेक अडचण सुटते. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची लेखी संमती लागेल. २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत झालेल्या वाहन मोडणी केंद्रातून इंजिन मिळालं तर कागद आपोआप सरळ असतात, म्हणून चार पैसे जास्त गेले तरी तिथे आधी चौकशी करा.

नंबरची जागा स्वतः बघा. ब्लॉकवर जिथे नंबर ठोकलेला असतो तिथला पृष्ठभाग बाकीच्या ओतकामापेक्षा गुळगुळीत घासलेला, नंबरातली अक्षरं वाकडीतिकडी, एखादा आकडा जास्त खोल, अशी शंका आली तर एक शब्दही न बोलता निघा. मेरठच्या सोतीगंजसारखे बाजार चोरीच्या गाड्या फोडण्यासाठी देशभर बदनाम झाले होते ते उगीच नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ या सेवेत इंजिन नंबर टाकून तो चोरीच्या गाडीचा आहे का हे तपासता येतं. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून किंवा तसं मानायला कारण असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. बिल न देणाऱ्याकडून घेतलेलं स्वस्त इंजिन पुढे खाजगी गाडीच्या १५ वर्षांनंतरच्या फेरनोंदणीत अडकतं, कारण तिथे चेसिस आणि इंजिन दोन्ही नंबर ताडून पाहतात. विम्याचा दावा आला तर तिथेही हाच नंबर पाहिला जाईल.

आपल्या गाडीला बसेल का?

कार्ब्युरेटरची ८०० असेल तर कार्ब्युरेटरचंच इंजिन घ्या. जुन्या ८०० मध्ये पेट्रोलचा पंप यांत्रिक, हेडवर बसवलेला असतो. २००० च्या सुमाराला एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल फवारण्याची पद्धत, आल्यावर पंप टाकीत गेला आणि सोबत ईसीएम (इंजिन सांभाळणारा संगणक), सेन्सर, वेगळं वायरिंग आलं. एमपीएफआय इंजिन जुन्या गाडीत टाकायचं तर हे सगळंच बदलावं लागतं आणि वाचवलेले पैसे त्यातच जातात. एमपीएफआय गाडीसाठी इंजिन घेताना उलट करा: त्याच गाडीचा ईसीएम, वायरिंग आणि सेन्सर इंजिनासोबतच मागून घ्या. किल्लीत इमोबिलायझर असलेल्या गाड्यांत तर किल्ली आणि ईसीएम जोडीनेच हवेत.

इंजिनाच्या खुणांकडेही लक्ष द्या. ८०० चं एफ८बी इंजिन सहा व्हॉल्व्हचं. अल्टोचं एफ८डी हेही ७९६ सीसीचंच, पण बारा व्हॉल्व्हचं. ‘एकच इंजिन आहे हो’ असं दुकानदार म्हणेल. हेड वेगळं, मॅनिफोल्ड वेगळं, नोंदीतला प्रकार वेगळा. ओमनीतही एफ८बीच असतं, पण ते गाडीच्या लांबीत बसतं आणि ताकद मागच्या चाकांना देतं, त्यामुळे माउंटिंगपासून संपपर्यंत, म्हणजे तळाच्या ऑइलच्या टाकीपर्यंत, बरंच काही आडव्या इंजिनाशी जुळत नाही. जुळवून देणारे कारागीर आहेत, पण जुळवाजुळवीचं इंजिन नको.

दुकानातच करायच्या तपासण्या

दुकानदार बॅटरी लावून, बाटलीतून पेट्रोल देऊन इंजिन सुरू करून दाखवेल. ते जरूर ऐका, पण त्यावर फार भरवसा ठेवू नका. रेडिएटरशिवाय मिनिटभर चाललेलं इंजिन तापत नाही, आणि झिजलेल्या बेअरिंगचा ठोका गरम आणि पातळ झालेल्या ऑइलवरच ऐकू येतो. सेल मारण्याआधी ब्लॉकवर हात ठेवा. कोमट लागला तर तुम्ही यायच्या आधीच ते सुरू करून ठेवलेलं होतं. डिपस्टिक पुसून बघा. मधासारखं जाड ऑइल भरलेलं असेल तर आवाज दाबण्यासाठी भरलं आहे असं समजा.

मग आपली पाळी. तिन्ही प्लग काढा आणि त्यांच्याकडे नीट बघा. तपकिरी-करडा रंग हा निरोगीपणा. एकच प्लग ओला, तेलकट आणि काळा असेल तर त्या सिलिंडरची रिंग किंवा व्हॉल्व्हचा सील गेला आहे. एकच प्लग विलक्षण स्वच्छ, जणू वाफेने धुतलेला, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जात होतं.

क्रँकच्या पुलीवर पाना लावून इंजिन हाताने फिरवा. प्लग परत बसवलेले असतील तर दोन पूर्ण फेऱ्यांत तीन वेळा हाताला विरोध जाणवला पाहिजे आणि तो तिन्ही वेळा सारखा जाणवला पाहिजे. कुठे खरखर, कुठे अडकणं, एखादा दाब अगदीच मऊ लागणं, हे हाताला लगेच कळतं. बरेच महिने पडून असलेलं इंजिन असेल तर आधी प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून काही तास तसंच ठेवा, नाहीतर चिकटलेल्या रिंगा बोअरला ओरखडे पाडतील.

आता कॉम्प्रेशन. गेज फार महाग नसतो, आणि हे काम करणाऱ्या प्रत्येक मेकॅनिककडे तो असलाच पाहिजे. सगळे प्लग बाहेर, इग्निशनची तार काढलेली, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली, आणि प्रत्येक सिलिंडरवर पाच-सहा फेऱ्या. दीडशे पीएसआयच्या वरचे आकडे समाधानाचे, पण त्याहून महत्त्वाचा आहे एकमेकांमधला फरक: दहा टक्क्यांच्या आत हवा. समजा आकडे १६५, १६० आणि १०५ आले. १०५ वाल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा वर चढून १४५ झाला तर दोष रिंग किंवा बोअरचा, म्हणजे खर्च मोठा. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, म्हणजे हेडचं काम. शेजारचे दोन सिलिंडर दोन्ही खाली आले तर त्यांच्यामधलं गॅसकेट जळलेलं असू शकतं. तिन्ही सारखेच थोडे कमी असतील तर झीज आहे, पण सरळ झीज आहे. अशा इंजिनाशी सौदा होऊ शकतो.

टॅपेट कव्हरचे बोल्ट काढायला दोन मिनिटं लागतात. आतला रंग बघा. मधाच्या छटेचा पातळ थर म्हणजे ऑइल वेळेवर बदललं जात होतं. काळं, चिकट, बोटाला घट्ट लागणारं डांबर म्हणजे वर्षानुवर्षं एकच ऑइल. पांढरट सायीसारखं काही दिसलं तर ऑइलमध्ये पाणी मिसळत होतं. कॅमशाफ्टच्या उंचवट्यांवर नख फिरवा. खड्डे लागले तर कॅम आणि रॉकर दोन्ही बदलावे लागतील.

संप उघडा

यापुढचं काम दुकानदाराला आवडत नाही, पण जिथे परवानगी मिळते तिथेच खरेदी करावी. नाही मिळाली तर परतीच्या लेखी अटीवर घरी आणून लगेच करा. संप काढा, त्यातलं ऑइल जुन्या पांढऱ्या फडक्यावर ओता आणि उन्हात धरा. तांबूस-सोनेरी चकाकी म्हणजे बेअरिंगचा धातू उतरला आहे. लोहचुंबक फिरवून पोलादी कण येतात का तेही बघा. ऑइल गाळणारी जाळी अर्धी बुजलेली असेल तर हे इंजिन काही काळ अर्ध्या ऑइलवर चाललं आहे.

आता एका कनेक्टिंग रॉडची कॅप उघडा. कॅप आणि रॉड कुठल्या बाजूने बसले होते त्याची खूण आधी करा, ते अदलाबदल होता कामा नये. बेअरिंगचा पातळ कवचासारखा अर्धा भाग निघतो. त्याचा चेहरा एकसारखा करडा, मॅट असेल तर ठीक. मधोमध तांबडा थर वर आला असेल, किंवा गोल ओरखडे असतील, तर क्रँक ग्राइंड करण्यावाचून सुटका नाही. आता तो भाग उलटा करा. पाठीवर माप ठोकलेलं असतं. ‘एसटीडी’ लिहिलं असेल तर क्रँक अजून मूळ मापात आहे. ‘०.२५’ लिहिलं असेल तर हे इंजिन एकदा पूर्ण उघडून क्रँक घासून झालं आहे. पिस्टनच्या डोक्यावरही अशीच खूण असते, हेड काढल्यास दिसते. तिथे ‘०.५०’ दिसलं तर बोअरिंगचा शेवटचा टप्पा संपलेला आहे. पुढच्या वेळी स्लीव्ह टाकावा लागेल. विकणाऱ्याला ठाऊक नसलेला इतिहास असा दोन आकड्यांत हाती येतो.

हेड काढलंच असेल तर प्रत्येक पिस्टन वरच्या टोकाला आणून तो ब्लॉकच्या पातळीपासून किती खाली राहतो ते मोजा. तिन्ही सारखे हवेत. एक जरी खाली राहिला तर रॉड वाकलेला आहे, आणि पुराची शंका खरी ठरली. हेडवर सरळ पट्टी धरून फटीत ०.०५ मिलिमीटरचं फीलर गेजचं पातं घाला. ते आत शिरलं तर हेड लेथवाल्याकडे जाऊ द्या.

बसवताना

आता जे करायचं ते इंजिन बाहेर असतानाच. टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर नवाच. त्याचं वय ठाऊक नसताना तो तसाच ठेवू नये, दिसायला कितीही चांगला असला तरी. वॉटर पंप, थर्मोस्टॅट, क्रँकच्या पुढचा आणि मागचा ऑइल सील, इनटेक-एक्झॉस्टची गॅसकेट, क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग, इंजिनाचे रबरी माउंटिंग. हे आत्ता केलं नाही तर फक्त एका गळक्या मागच्या सीलसाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवण्यात मजुरी जाते. ब्लॉकमधले कोअर प्लग, म्हणजे पाण्याच्या भोकांवरच्या पत्र्याच्या टोप्या, बोटाने दाबून बघा. आपल्याकडे बरीच इंजिनं कूलंटऐवजी नळाच्या पाण्यावर चालवलेली असतात, त्यामुळे त्या आतून कुजलेल्या असतात.

पेट्रोलच्या नळ्या बदलाच. फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल टप्प्याटप्प्याने पंपांवर आलं आणि आता ते सगळीकडे आहे. कार्ब्युरेटरच्या काळातली रबरं आणि डायफ्रॅम त्यासाठी बनलेली नव्हती. ती फुगतात, चिरतात आणि गरम इंजिनावर पेट्रोल गळतं. इथेनॉलला टिकणारी नळी मागून घ्या. रेडिएटर उतरवून आतून धुऊन घ्या, तो चोंदलेलाच असेल तर नवा बसवा, आणि पाण्याऐवजी कूलंट भरा.

गिअरबॉक्स जोडताना इंजिन आणि बेल-हाउसिंगमधल्या दोन मार्गदर्शक पिना जागेवर आहेत ना, हे बघा. जुन्या इंजिनावरून त्या काढून लावायच्या राहून जातात आणि मग क्लच कापतो. आणखी एक छोटी गोष्ट: इंजिन आणि बॉडीमधली अर्थची जाड तार. ती लावायची राहिली तर सेलचा सगळा करंट ॲक्सिलरेटर किंवा क्लचच्या केबलमधून जातो, केबल तापते, कधी जळते. नवं इंजिन पहिल्या सेललाच धूर काढू लागलं की घाबरायच्या आधी ही तार बघा.

सुरू करण्याआधी ऑइल आणि नवा फिल्टर भरून, प्लग काढून, इग्निशनची तार सोडवून सेल मारा, दर वेळी दहा सेकंदांहून जास्त नाही. ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत हे करा. शक्य असेल तर दिव्याच्या जागी तात्पुरता यांत्रिक गेज लावा, कारण दिवा फक्त दाब अगदीच पडला तरच सांगतो. इंजिन पूर्ण तापल्यावर दर हजार आरपीएमला साधारण दहा पीएसआय दाब मिळाला तर बेअरिंग आणि ऑइल पंप दोन्ही ठीक आहेत. मग ते चालू ठेवा आणि रेडिएटरचा फॅन स्वतःहून सुरू होऊन बंद होईपर्यंत बाजूलाच उभे राहा. फॅन लागला नाही तर इंजिन बंद करा आणि तोच आधी दुरुस्त करा. थंड झाल्यावर कूलंटची पातळी पुन्हा भरा, आत अडकलेली हवा निघून ती उतरलेली असते.

पीयूसी लगेच करून घ्या. भारत स्टेज-२ च्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम असते, त्यानंतरच्या गाड्यांना बरीच कडक. ही मर्यादा गाडीच्या वर्षावर ठरते. हायड्रोकार्बन विनाकारण जास्त आलं तर एक तर कार्ब्युरेटर जास्त पेट्रोल देतो आहे किंवा इंजिन ऑइल खातं आहे. कुठलं ते प्लग काढून कळेल.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर बदला, तेही पांढऱ्या फडक्यावर ओतून बघा. बोल्ट पुन्हा आवळा, गळती शोधा. या पाचशे किलोमीटरमध्ये लांबचा प्रवास आणि घाट टाळा. रोजच्या वापरात जे दिसायचं ते दिसून जातं आणि तेव्हा गॅरेज जवळ असलेलं बरं.

आणि आपलं जुनं इंजिन लगेच भंगारात देऊ नका. आरसीवर नव्या नंबरची नोंद होऊन ती हातात येईपर्यंत, विमा कंपनीला बदल कळवून त्याची पोच मिळेपर्यंत, आणि नवं इंजिन हजार किलोमीटर नीट चालेपर्यंत ते ताडपत्रीखाली झाकून ठेवा. एखादा ब्रॅकेट, एखादा सेन्सर, एखादी पुली त्यातूनच लागेल. नंतर विकाल तेव्हा घेणाऱ्याकडून नंबरसह लेखी पावती घ्या. तो नंबर वर्षानुवर्षं तुमच्या गाडीच्या नावावर होता.